मार्गारेटवरची राख

उपासना रामटेके आणि रवींद्र दामले यांची ओळख मिशिगनमधल्या नोव्हायजवळच्या एका हॉबीशॉपमध्ये झाली. डिसेंबरातली दुपार होती. उपासना गाड्यांचे हेडलॅम्प बनवणाऱ्या कंपनीत लायटिंग इंजिनिअर होती, वय एकतीस, एकटी राहायची. ॲन आर्बरला एमएस करताना तिला अंतराळयानांची मॉडेलं बांधायचा नाद लागला आणि नोकरीत स्थिरावल्यावर तो वाढतच गेला. त्या दुपारी ती पाव मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिक फायबर शोधत होती, यानाच्या खिडक्यांमधून उजेड दिसावा म्हणून वापरतात ती. शोधता शोधता फोनवर आईशी बोलत होती. "ठेवते आई, जय भीम," म्हणून तिनं फोन ठेवला, तेव्हा रंगांच्या बाटल्यांपाशी उभा असलेला उंच, पांढऱ्या केसांचा माणूस तिच्याकडे बघून हसला.

एवढी बारीक फायबर या दुकानात येत नाही, त्यानं मराठीत सांगितलं. त्याच्या घरी अख्खं रीळ पडून होतं. मग त्यानं नाव विचारलं, गाव विचारलं. नागपूरजवळचं कोराडी, असं तिनं सांगितल्यावर त्यानं मान डोलावली आणि आपणहून म्हणाला, "आमच्याकडे तसलं काही नाही हं. तू खुशाल ये."

तसलं म्हणजे कसलं, हे तिनं विचारलं नाही. हे वाक्य तिनं पुण्यात कॉलेजला असताना ऐकलं होतं, ऑफिसात ऐकलं होतं. म्हणणाऱ्याला ते म्हणून बरं वाटतं, एवढं तिच्या लक्षात आलेलं होतं. तिला फायबर हवी होती. पुढच्या शनिवारी ती गेली.

दामल्यांचं बेसमेंट बघून मात्र ती खरोखर हरखली. काचेच्या कपाटांतून चाळीसेक यानं मांडलेली होती. सांधा कुठेच दिसत नव्हता, रंगाचा ओघळ नव्हता, आत्ताच कारखान्यातून बाहेर पडावीत तशी स्वच्छ. दामले मूळचे पुण्याचे. अडतीस वर्षं मिशिगनमध्ये गिअरबॉक्सची ड्रॉइंग्ज काढून दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते. परिसरातल्या मॉडेल क्लबमध्ये त्यांच्या सफाईला तोड नाही असं लोक म्हणत. त्यांची बायको अहिल्याकाकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पंचवीस वर्षं रक्त तपासून घरी बसल्या होत्या. एकुलता एक मुलगा राज दूर चँडलर शहरात चिप बनवणाऱ्या कंपनीत होता.

कपाटाच्या तळाशी एक मोठा खोका होता, अकरा वर्षं न उघडलेला. एकच सीझन चालून बंद पडलेल्या कुठल्याशा जुन्या मालिकेतलं मालवाहू यान, नाव 'मार्गारेट'. लघुग्रहांवरून खनिज वाहून आणणारं, सव्वादोन फूट लांब, रेझिनचे दोनशे दहा तुकडे.

"हिला दिवे लावायचेत," काका म्हणाले. "बांधेन मी. दिव्यांचं मला जमत नाही."

असे शनिवार सुरू झाले. दुपारी दोनला ती जायची, सहाला निघायची. काका चांगले शिक्षक होते. रेझिनचे तुकडे भांड्याच्या साबणानं का धुवायचे, सँडपेपर कुठल्या दिशेनं फिरवायचा, पुट्टी वाळली असं वाटल्यावर आणखी एक दिवस का थांबायचं, हे सगळं ते न कंटाळता सांगत आणि मधेच एखादा विनोद करत. यानाच्या आतून आधी काळा रंग द्यायचा, नाहीतर भिंतीतूनच उजेड झिरपतो आणि पोलादी जहाज कागदी कंदिलासारखं दिसतं, हे मात्र तिनं त्यांना सांगितलं. त्यांनी ते लगेच मान्य केलं. तिनं अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलनं एकशेचाळीस खिडक्या पाडल्या, प्रत्येकीत फायबर ओवली, पोटात जुड्या बांधून एलईडींवर बसवल्या. इंजिनांसाठी वेगळं सर्किट केलं. ती एकदम पेटत नसत, आधी लाल होत आणि मग हळूहळू निळी. पहिल्यांदा ते चालू केलं तेव्हा काकांनी काकूंना हाक मारून खाली बोलावलं. काकू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसल्या आणि इंजिनं निळी होईपर्यंत बघत राहिल्या.

काकांचा उजवा हात थरथरतो, हे तिला दुसऱ्याच शनिवारी दिसलं होतं. ब्रश उचलताना ते डाव्या हातानं उजवं मनगट धरत. थंडीनं होतं, म्हणत. मग हात थकलाय म्हणू लागले. जानेवारीत त्यांच्या हातून एक ॲन्टेना मोडला, नंतर दुसरा. उपासना त्यांच्या हातातून तुकडा घेई, चिकटवी, आणि पुढचं काम आपल्याकडे ठेवून घेई. फेब्रुवारीपर्यंत काका स्टुलावर बसून फक्त सांगत होते आणि सगळं तीच करत होती. बाजूवर लिहायच्या नावाचं स्टिकर जुनं होऊन फाटलं, तेव्हा ते हातानं रंगवायचं ठरलं. काकांनी तीनदा सुरुवात केली, तीनदा पुसली आणि वर जाऊन झोपले. MARGARET ही आठ अक्षरं, प्रत्येक चार मिलिमीटर उंच, तिनं दोन तास लावून रंगवली.

त्याच दिवशी काकूंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं की पार्किन्सन्स आहे. जानेवारीत कळलं होतं. काकांनी राजलासुद्धा सांगू दिलं नव्हतं. क्लबमध्ये कळलं तर लोक कीव करतील, याची त्यांना भीती वाटत होती.

"तुला का सांगतेय माहितीये?" काकू म्हणाल्या. "तू त्याच्या हातातून ब्रश काढून घेतेस ना, ते मी बघते. त्याला लागणार नाही असा घेतेस."

कुणाला सांगणार नाही, असं उपासनानं कबूल केलं.

यान बांधून, रंगवून झालं. पांढरंशुभ्र दिसत होतं, काकांच्या इतर यानांसारखं. आता राहिलं होतं वेदरिंग, म्हणजे नवं कोरं मॉडेल वापरलेलं, जुनं, मळलेलं दिसेल असं करणं. काकांना ते फारसं आवडत नसे. सगळीकडे सारखा पातळ काळा रंग फिरवायचा आणि पुसून टाकायचा, खाचांत राहील तेवढा राहू द्यायचा, इतकंच ते करत. उपासनाला ते पटलं नाही. घाण सगळीकडे सारखी नसते, ती म्हणाली. ती कुठून तरी आलेली असते, आणि कुठून आली ते आधी ठरवायला हवं.

तिनं त्यांना कोराडीचं सांगितलं. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात बॉयलर ऑपरेटर होते. कॉलनीत रोज राख पडायची. दोरीवर वाळत घातलेल्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर, खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या... इथे ती थांबली आणि हसून म्हणाली की तुळस शेजारच्यांची, आमच्याकडे मोगरा होता. राख गजाच्या वरच्या अंगाला बसते, खालच्या अंगाला नाही. दाराच्या कडीभोवती रोज हात लागतो, तिथे कधीच साचत नाही, तिथलं लोखंड चकाकतं. तेव्हा मार्गारेटमध्ये माल कुठून चढतो, माणसं कुठल्या दारातून ये-जा करतात, कुठे हातमोजे घासतात, हे बघून राख ठेवायची.

तीन शनिवार ती त्यावर काम करत होती. कोळशाच्या रंगाची बारीक पूड, तेलरंग, स्पंजाचे तुकडे. मालाच्या झडपांखाली तिनं करडे पट्टे ओढले, दारांभोवती रंग घासून खालचा धातू दाखवला, इंजिनांच्या तोंडाशी तापून निळसर-तपकिरी झालेलं पोलाद रंगवलं. शेवटच्या दिवशी तिनं बेसमेंटचे दिवे मालवून मार्गारेटचे लावले. वीस वर्षं राबून थकलेलं, आत माणसं जागी असलेलं जहाज समोर उभं होतं.

 काकांनी उठून आपल्या कपाटांचे दिवे लावले आणि एकेका यानापुढे थोडं थोडं थांबत फिरले. छान झालंय, असं ते म्हणाले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांनी तिच्यासाठी नवा ब्रश आणून ठेवला होता, तेव्हा त्यांना आवडलं असावं, असं तिनं धरलं.

एप्रिलमध्ये ॲन आर्बरच्या एका हॉटेलात क्लबची वार्षिक स्पर्धा होती. काकांनी हायवेवर गाडी चालवणं सोडलं होतं आणि काकू कधी हायवेवर जातच नसत, म्हणून तिघं उपासनाच्या गाडीतून गेले. मार्गारेट मागच्या सीटवर, फोम भरलेल्या खोक्यात. नाव नोंदवायला काका एकटेच रांगेत उभे राहिले. ती सर्किट तपासत होती.

टेबलावर मार्गारेटपुढे ठेवलेलं कार्ड तिनं अर्ध्या तासानं वाचलं. बांधणी, रंग, प्रकाशयोजना, वेदरिंग : आर. दामले.

तिनं विचारलं, तेव्हा काका म्हणाले की फॉर्मवर एकच नाव लिहिता येतं, काय करणार. ती सर्किटकडे वळली. नंतर पाणी प्यायला गेली तेव्हा नोंदणीच्या टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता. बांधणाऱ्याच्या नावासाठी दोन ओळी होत्या, दुसरीपुढे छापलं होतं 'सहकारी'. तिनं फॉर्म जागेवर ठेवला. काकांचं वय आणि त्यांचा आजार तिनं मनात पुढे केला, आणि गप्प राहायचं ठरवलं. ठरवलं होतं, हे महत्त्वाचं. कारण दुपारी एक वाजेपर्यंत ती खरंच गप्प होती.

मार्गारेटला सायन्स फिक्शन गटातलं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांच्या शेऱ्यात सफाईचा उल्लेख एका ओळीत होता आणि उरलेलं सगळं घाणीबद्दल होतं. हे जहाज कुठे कुठे जाऊन आलंय ते वाचता येतं, असं कुणीतरी लिहिलं होतं. टेबलाभोवती गर्दी जमली. महाराष्ट्र मंडळातली पाचसहा माणसंही मुद्दाम आली होती. त्यांत निमिष आणि हिमानी होते, उपासनाच्याच ऑफिसातले, तिच्या घरी येऊन जाऊन असलेले. क्लबचा अध्यक्ष डग, साठीचा गोरा माणूस, काकांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

निमिषनं मराठीत विचारलं, "काका, तुमची मॉडेल्स तर एकदम क्लीन असतात. हे कसं काय?"

काका हसले. बक्षीस हातात होतं, खुशीत होते. "ती घाण आपल्या उपासनाची," ते म्हणाले. "आपल्याला असलं शिकावं लागतं रे. त्यांच्या रक्तातच असतं."

हिमानी हसली आणि मधेच थांबली. निमिषनं फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली. मागे कुणीतरी खोकलं. कुणीही उपासनाकडे बघितलं नाही. सगळ्यांना नीट कळलं आहे हे तिला त्यावरूनच समजलं.

काय म्हणालास, डगनं विचारलं. काकांनी इंग्रजीत सांगितलं की ही मुलगी या बाबतीत उपजत हुशार आहे, असं म्हणत होतो. डग तिच्याकडे बघून कौतुकानं हसला. तीही हसली.

मग ती डगला म्हणाली की दुपारी दोनला प्रात्यक्षिकाची वेळ मोकळी दिसतेय. मिस्टर दामल्यांनी जहाजाच्या अंगावरचं नाव हातानं, ब्रशनं रंगवलंय. स्टिकर नाही ते. आठ अक्षरं. ते करून दाखवतील का? लोकांना फार आवडेल.

डगला कल्पना एकदम पसंत पडली. त्यानं तिथल्या तिथे माइकवर घोषणा केली. काकांनी उपासनाकडे बघितलं. तिनं त्यांच्याकडे बघितलं. कार्ड त्यांच्यापुढेच होतं, त्यावर एकच नाव होतं. नाही म्हणायला त्यांना जागा नव्हती.

प्रात्यक्षिकाच्या टेबलावर वरून कॅमेरा लावलेला होता. टेबलावरचं सगळं मागच्या पडद्यावर खोलीएवढं मोठं दिसायचं. साठसत्तर खुर्च्या भरल्या. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्यांना आत्ता आत्ता कळत होतं काय चाललंय ते. उपासनानं पांढऱ्या प्लॅस्टिकची पट्टी टेबलावर चिकटवली, रंग पातळ केला, सगळ्यात बारीक ब्रश निवडून काकांच्या हातात दिला आणि शेजारी उभी राहिली.

पडद्यावर हात आला. एवढा मोठा की नखांवरच्या रेघा दिसत होत्या. तो स्थिर नव्हता. काकांनी डाव्या हातानं मनगट धरलं, तर आता दोन हात थरथरताना दिसू लागले. ब्रशचं टोक पट्टीला लागलं आणि M च्या पहिल्या काठीऐवजी एक वाकडी, भुवईसारखी रेघ उमटली. मागे कुणीतरी हसलं, ही गंमत असेल असं समजून. काकांनी पुसून पुन्हा सुरुवात केली. रंगाचा थेंब पडला. तिसऱ्यांदा M झाला, पण तो चार मिलिमीटरचा नव्हता, अंगठ्याएवढा होता आणि पाटी गिरवणाऱ्या पोराच्या हातचा वाटत होता. हसणं बंद झालं होतं. 

काका पडद्याकडे पाठ करून बसले होते, पण त्यांना कळत होतं. हळू आवाजात, मराठीत ते म्हणाले, "उपासना, पुरे."

"अजून सात अक्षरं राहिलीत, काका," ती म्हणाली.

तिला त्या क्षणी बरं वाटत होतं. हे तिनं नंतर स्वतःपाशी कधीच नाकारलं नाही. छातीत काहीतरी गार, स्वच्छ होत गेल्यासारखं वाटत होतं.

काकांनी A सुरू केला. काकू उठल्या, टेबलापाशी आल्या, त्यांच्या बोटांतून ब्रश सोडवून घेतला आणि पाण्यात ठेवला. कॅमेऱ्याखाली आता त्यांचा हात होता, लहान, सुरकुतलेला, अगदी स्थिर. डगनं घाईनं पडदा बंद केला आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या, आणि ते सगळ्यात वाईट झालं.

परत जायला गाडी एकच होती.

काकू पुढे बसल्या. काका मागे, मांडीवर खोका धरून. ॲन आर्बरपासून नोव्हाय अर्ध्या तासाचा रस्ता.  आरशात उपासनाला काका दिसत होते. त्यांनी डोळे मिटले होते, झोपले नव्हते.

"मी तुला सांगितलं होतं म्हणून तुला हे जमलं," काकू समोर बघत म्हणाल्या.

"ते काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? बेचाळीस वर्षं ऐकतेय. पंचवीस वर्षं मी लोकांची रक्तं तपासली. त्याला सांगून दमले, त्यात असलं काही नसतं." त्या तिच्याकडे वळल्या. "तू त्याला तोंडावर बोलायचंस. सगळ्यांपुढे बोलायचंस. मी तुझ्या बाजूनं उभी राहिले असते. तू माझ्याकडचं घेतलंस आणि त्यानं मारलंस."

उपासनाकडे उत्तर होतं. काकू बेचाळीस वर्षं उभ्या राहिल्या नव्हत्या, आज राहिल्या असत्या हे कशावरून. पण मागे माणूस बसला होता, आणि पुढचा एक्झिट घ्यायचा होता. तिनं इंडिकेटर दिला.

घरी पोचल्यावर काकांनी खोका तिला उचलू दिला नाही.

मंडळात गोष्ट आठवड्याभरात पोचली. तिथे पोचेपर्यंत ती अशी झाली होती की रवीकाकांना पार्किन्सन्स आहे आणि उपासनानं ते माहीत असून भर सभेत त्यांचा तमाशा केला. हे खरंच होतं. त्याआधी काका काय बोलले, ते गोष्टीतून गळून गेलं होतं. पाचसहा जणांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरीही. हिमानी ऑफिसात तिच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "त्यांचा तसा अर्थ नव्हता यार. ओल्ड जनरेशन आहे ती." उपासनानं विचारलं, मग कसा होता? हिमानीनं मीटिंग आहे म्हणून सांगितलं. त्यानंतर निमिष-हिमानीच्या घरचं जेवणाचं बोलावणं आलं नाही. डगनं मात्र तिला लांबलचक मेल लिहिली. काकांच्या आजाराची त्याला काहीच कल्पना नव्हती, तिलाही नसणार, तिनं स्वतःला दोष देऊ नये. त्या मेलला तिनं उत्तर दिलं नाही. गाडीतल्या त्या अर्ध्या तासापेक्षा ती मेल वाचणं तिला जड गेलं.

राज चँडलरहून येऊन गेला. काकांनी क्लब सोडला. मार्गारेटच्या बक्षिसाबद्दल, त्या कार्डाबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी उपासनाच्या दाराची बेल वाजली. दारात दामले होते, हातात खोका. मागे काकू गाडीला टेकून उभ्या होत्या, पुढे आल्या नाहीत. काका बारीक झाले होते. उजवा हात आता खोका धरलेला असतानाही हलत होता, खोक्यातलं काहीतरी खुळखुळत होतं.

तिनं त्यांना आत या म्हटलं नाही. त्यांनी खोका दारातल्या बाकावर ठेवला आणि उघडला.

मार्गारेट पांढरी होती. राख गेली होती, पट्टे गेले होते, दारांभोवतीचा घासलेला धातू गेला होता. त्यांनी सगळं धुऊन काढलं होतं, बहुतेक एका हातानं, कापसाचे बोळे घेऊन. पण रंगही जागोजागी निघाला होता, खालचं पिवळट रेझिन दिसत होतं, आणि नावातली शेवटची तीन अक्षरं विरघळून एक करडा डाग झाला होता. त्यांनी बटण दाबलं. इंजिनं लाल झाली, मग निळी. खिडक्या एकशेचाळीसच्या एकशेचाळीस काळोख्या राहिल्या.

"लॅकर थिनर वापरलंत," ती म्हणाली.

"हो."

"त्यानं फायबर तडकते. टोकं जळतात."

"साध्या स्पिरिटनं निघालं असतं?"

"आधी वार्निश काढून घेतलं असतं तर. ते तुम्हीच शिकवलं होतंत."

त्यांनी मान हलवली. शेजारच्या घरातून कुणीतरी गवत कापायचं यंत्र बाहेर काढत होतं. काका त्या बाजूला बघत म्हणाले, "मी त्या दिवशी गमतीत बोललो."

"मी पण," ती म्हणाली.

यापलीकडे तो विषय निघाला नाही. तिनं वाट बघितली, तेही बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, खिडक्या पुन्हा करता येतील का?

यानाच्या पोटाखालची पट्टी चार चुंबकांवर बसवलेली होती. नखानं उचलली की निघायची, आत जुड्या सरळ हाताला लागायच्या. जुन्या फायबर ओढून काढायच्या, नव्या ओवायच्या. तीनचार शनिवारांचं काम. ती चुंबकं तिनं बसवली होती, आणि बसवताना काका समोर स्टुलावर बसून टॉर्च धरून होते.

"नाही," ती म्हणाली. "आतून सगळं चिकटवलंय. फोडावं लागेल."

काकांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना आठवत होतं. ते आठवतंय हे तिलाही दिसलं. त्यांनी तोंड उघडलं, आणि एक क्षण तिला वाटलं की आता ते म्हणतील, त्या चार चुंबकांबद्दल नाही, दुसरं काहीतरी म्हणतील, आणि ते म्हणाले तर आपण पट्टी उचलून देऊ.

"बरं," काका म्हणाले.

त्यांनी झाकण लावलं, खोका उचलला आणि वळले. दारापासून रस्त्यापर्यंत पाच पायऱ्या होत्या. तिनं मदतीला हात पुढे केला नाही, त्यांनी मागितला नाही. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, खोका छातीशी दाबून ते उतरले, आणि तो त्यांच्या हातून पडला नाही. काकूंनी मागचं दार उघडून ठेवलं होतं. ते खोका मांडीवर घेऊन बसले, काकूंनी वाकून त्यांचा बेल्ट लावला, दार बंद केलं आणि पुढे जाऊन गाडी सुरू केली.

गाडी रस्त्याला लागताना उपासनानं काकूंना हात केला. काकूंनी तिच्याकडे बघितलं, नीट बघितलं. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तिथेच राहिले.